हॉर्न न वाजवता आलेला दादा

दूध उतू जायच्या बेतात होतं, तेवढ्यात दारावर थाप पडली. पाहते तर माझा मोठा भाऊ. दादा जन्मभर ट्रक चालवत आला. लांबच्या खेपेवरून परतताना माझ्याकडे चहाला थांबायचं, हा त्याचा नेम. एरवी कोपऱ्यावरूनच असा हॉर्न वाजवायचा की शेजारीण म्हणे, "आला गं तुझा भोंगा."

आज हॉर्न नाही, ट्रकही नाही.

"ट्रक विकून खाल्लास की काय?" मी विचारलं. तो हसला नाही. खुर्चीत बसला.

"शेवटच्या वळणावर समोर एकच मोटारसायकल होती. मला दोन दिसल्या," तो म्हणाला. "मी दोन्हींच्या मधून गाडी काढायला गेलो. मोटारसायकलवर मागे बसलेली बाई किंचाळली, तेव्हा ब्रेक दाबला. हातभर अंतर राहिलं गं."

ट्रक तिथेच कडेला लावून तो चालत आला होता. चहा निवला, तरी त्याने कप तोंडाला लावला नाही. ट्रकशिवायचा दादा मला आठवतच नाही.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय," शेवटी तो म्हणाला. "तू माझ्याबरोबर आत येशील का?"