आबांची कवळं आणि माझा शब्द

मी शाळेत शिकवायचो. खोटं बोलणाऱ्या पोराला तासभर बाकावर उभं करणारा मास्तर म्हणून माझी ख्याती होती, आणि मला तिचा माजही होता. म्हणून हे लिहायला हात धजत नव्हता. पण मनात ठेवून ते जिरत नाही, हेही आता कळलंय.

नोकरी संपायच्या सुमारास मी वडिवळ्याला उतारावरचं एक रान घेतलं. विकणारे आबा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांची दोन्ही मुलं माझ्याच वर्गातून गेलेली. भावाभावांत वाटण्या झाल्या, आबांना वरचं रान विकायला काढावं लागलं. खालचं भाताचं एक खाचर तेवढं त्यांनी ठेवलं.

रानात ऐनाची नऊ झाडं होती. आमच्या मावळात हिवाळ्यात ऐनाच्या फांद्या छाटतात, त्यांना कवळं म्हणायचं. ती वाळवायची, शेणपाल्याबरोबर जमिनीच्या एका तुकड्यावर पसरून उन्हाळ्यात जाळायची, आणि त्या भाजलेल्या तुकड्यात भाताचं रोप टाकायचं. हाच राब. व्यवहार ठरला त्या दिवशी आबा एका ऐनाला टेकून म्हणाले, "रान तुमचं झालं, गुरुजी. पर कवळं तेवढी तोडू द्या. राब न्हाई भाजला तर माझं खाचर न्हाई पिकत."

"आबा, हे काय विचारणं झालं? तुम्ही आहात तोवर झाडं तुमचीच," मी म्हणालो. तिथे आम्ही दोघंच होतो.

नोंदणीच्या दिवशी दस्त लिहिणाऱ्यासमोर आबांनी हळूच विचारलं, "त्ये कवळाचं लिवायला सांगू का?" कागदात तर नेहमीचं आलंच होतं, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण यांसह मिळकत विकली म्हणून. आता त्यात ही अट घालायची म्हणजे पुन्हा टायपिंग, पुन्हा खेटा. मी जरा चिडूनच बोललो, "माझ्या शब्दावर भरवसा नाही का, आबा?" ते ओशाळले. "न्हाई न्हाई, तसं न्हवं." दस्त वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "गुरुजींनी वाचलाय न्हवं? मग झालं." आणि अंगठा केला.

खरं सांगतो, तेव्हा माझ्या मनात पाप नव्हतं. आबा दर हिवाळ्यात यायचे, धोतर खोचून झाडावर चढायचे, शेंडा राखून फांद्या उतरवायचे. भात झोडपून झालं की नव्या तांदळाचं एक गाठोडं माझ्या दारात आणून ठेवायचे. आम्ही तो तांदूळ चवीनं खायचो.

मग मुलानं रानात चार खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे पाहुणे येऊ लागले. छाटलेले ऐन बोडके दिसतात. मुलगा म्हणाला, "बाबा, लोक सावलीत फोटो काढायला येतात. खुंट बघायला कोण येणार? आबांना सांगून टाका." सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. आबा रस्त्यात दिसले की राम राम घालून पुढे सटकायचो. दुसऱ्याला शिस्त लावणं सोपं असतं हो.

त्या हिवाळ्यात आबा नेहमीसारखे आले आणि त्यांनी पाच झाडं छाटली. मुलानं सरळ चौकीवर जाऊन चोरीची तक्रार दिली. मला माहीत होतं. मी त्याला अडवलं नाही.

चौकीवरून आबांना आणि आम्हाला बोलावणं आलं. जाण्याआधी मी तळेगावच्या एका ओळखीच्या वकिलाला विचारून घेतलं. तो म्हणाला, "तोंडी बोलणं अगदीच वाया जातं असं नाही. पण दस्तात झाडं तुमची असं लिहिलंय, त्याच्या उलट तोंडी काही सांगितलं तर टिकणं कठीण. शिवाय साक्षीदार कुठंय? तुम्ही स्वतः हो म्हणालात तर मात्र गोष्ट वेगळी." मला हायसं वाटलं. आबांना साक्षीदार एकच होता, तो मी. आणि तेच ऐकून मला हायसं वाटलं.

हवालदारानं आबांना खुर्ची दिली. आबा म्हणाले, "चोरी कशापायी करू, सायेब? गुरुजींशी बोलणं झालतं माझं. इचारा त्यांना."

हवालदार माझ्याकडे वळला. "सर, असं काही ठरलं होतं का?"

माझा मुलगा शेजारीच उभा होता. मी म्हणालो, "दस्तात तसं काही नाही."

"दस्ताचं नाही विचारत. बोलणं झालं होतं का?"

"मला आठवत नाही," मी म्हणालो. मला शब्दन् शब्द आठवत होता. आबा कुठल्या झाडाला टेकले होते, तेही आठवत होतं.

आबा माझ्याकडे वळले. आता हे शिव्या देणार असं मला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते हवालदाराला म्हणाले, "मग न्हवतंच झालं आसंल. वय झालं, सायेब. मीच काय तरी इसरलो आसंन. गुरुजी लबाड न्हाई बोलायचे."

हवालदार भला माणूस. गुन्हा नको, आपसात मिटवा म्हणाला. आबांचा जबाब तेवढा हवा होता. "सर, तुमचं अक्षर चांगलं, तुम्हीच लिहा." मी लिहिलं. सदर झाडांबाबत माझे व खरेदीदाराचे कोणतेही बोलणे झालेले नव्हते, मी गैरसमजाने फांद्या तोडल्या, यापुढे तोडणार नाही. कवळांचं लिहून ठेवायची आबांची इच्छा होती. ते असं माझ्या हातानं कागदावर आलं.

"वाचून दाखवा त्यांना," हवालदार म्हणाला.

मी कागद उचलला. तेवढ्यात आबांनी शाईच्या डबीत अंगठा बुडवला. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "गुरुजींनी लिवलंय न्हवं? मग झालं."

वाचावं लागलं नाही, म्हणून मी सुटकेचा निःश्वास सोडला. अंगठा नीट उमटेना, तेव्हा आबांचा हात धरून मीच तो कागदावर दाबला.