हळद पिवळी राहीपर्यंत

आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावावर एक पाटी आहे: 'कर्मचाऱ्यांनी पाण्यात उतरू नये.' 'आमच्या' म्हणते, पण मी तिथे राहत नाही. मी शेजारच्या नेरे गावची. सोसायटी आमच्या जमिनीवर उभी आहे आणि तलाव आहे तिथे आमचं भाताचं खाचर होतं. लग्न होऊन आले त्या पावसाळ्यात याच जागी गुडघाभर पाण्यात वाकून मी लावणी केली होती. आता त्या तलावाचं पाणी मी सांभाळते. म्हणजे पाटीवरचा कर्मचारी मीच.

काम सोपं वाटतं लोकांना. जाळी मारली, औषध टाकलं, झालं! एकदा या म्हणावं.

तीन वर्षांपूर्वी तलावाला आतून नवं पांढरं प्लास्टर केलं होतं. नव्या प्लास्टरमधला चुना महिनाभर पाण्यात उतरत राहतो. त्याची भुकटी सकाळ-संध्याकाळ ब्रशने उठवायची, ती फिल्टरमध्ये जाऊ द्यायची आणि ॲसिड थोडं थोडं, बादलीभर पाण्यात मिसळून सोडायचं. प्लास्टरवाल्या मिस्त्रीने मला हे दोनदा समजावलं होतं, मी सोसायटीला चारदा सांगितलं. पण पाचव्या दिवशी पोरं पाण्यात. ब्रश थांबला, भुकटी तळाशी बसली आणि तिथेच घट्ट झाली. मग ती काढायला कुणा शहाण्याने ॲसिडचे कॅन एका कोपऱ्यात उपडे केले. तळ छिन्नीने टाकी लावलेल्या जात्यासारखा खरखरीत झाला, पोरांचे अंगठे सोलवटून रक्त यायला लागलं. आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर. "मावशींनी औषध जास्त टाकलं." तीन वर्षं मी ते वाक्य लिफ्टमध्ये, गेटवर, पार्किंगमध्ये ऐकलं. एकदाही कुणी मला विचारलं नाही की मावशी, काय झालं होतं.

यंदा ते प्लास्टर फोडून पुन्हा केलं. मी ठरवलं होतं, या वेळी फाटकाची चावी माझ्या कमरेला राहील आणि पाणी तयार झाल्याशिवाय ती तिथून सुटणार नाही. पुन्हा तळ बिघडला तर मी या कामावर राहणार नव्हते. आणि हे काम मला आवडतं, हे सांगायला मी लाजत नाही.

टँकर मध्येच थांबू न देता एका दमात तलाव भरून घेतला. थांबलं की भिंतीवर कायमची रेघ उमटते. मग लांब दांड्याचा ब्रश, दोन वेळा, काठावरून. पाणी ताकासारखं पांढरं व्हायचं आणि दुपारपर्यंत निवळायचं. सहाव्या दिवशी ते निळंशार दिसायला लागलं, आणि तिथेच घोटाळा झाला. निळं दिसलं की लोकांना वाटतं झालं.

सेक्रेटरी साहेब लातूरकडचे, हिंजवडीत कंपनीत. माणूस वाईट नाही, फक्त घाईत असतो. त्यांनी पाडव्याला उद्घाटन जाहीर करून टाकलं. पाणी भरून तेव्हा नऊ दिवस होणार होते.

"साहेब, माझ्या पाणी तपासायच्या थेंबांचा रंग गडद गुलाबी येतोय," मी म्हटलं. "पीएच चढलेला आहे. अजून तीन आठवडे तरी."

त्यांनी खिशातून पेनासारखं यंत्र काढलं आणि पाण्यात बुडवलं. "मावशी, हे बघा ना, सेव्हन पॉइंट फोर. परफेक्ट आहे. तुमचे थेंब जुने झाले असतील."

"या यंत्राचा आकडा आधी पुडीच्या पाण्यात बुडवून जुळवून घ्यावा लागतो. सोबत पावडरच्या पुड्या आल्या असतील."

"त्या? त्या मी फेकल्या. बुटाच्या डब्यात असतात तशा होत्या, ओल धरू नये म्हणून."

आता काय बोलायचं! यंत्राला तोलायच्या पुड्याच कचऱ्यात, आणि खोटे कोण तर माझे थेंब.

संध्याकाळी धाकटे दीर आले. तलावाचं कंत्राट त्यांच्या नावावर आहे. "वैनी, उगा कशापायी ताणताय? उघडा की गेट. त्यांचा तलाव, त्यांची पोरं. आपलं काय जातंय?"

"तीन वर्षांमागं कुणाचं गेलं, भावजी? तुमचं गेलं का?"

ते जायला वळले. मग म्हणाले, "तुमचं डोस्कं लई फिरलंय." फिरलं होतंच.

पाडव्याला काठावर रांगोळी, श्रीफळ, पोरं चड्ड्या घालून तयार. मी फाटक पूजेपुरतं उघडलं आणि पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहिले. सेक्रेटरींच्या बायकोने वाकून पाण्यालगतच्या ओल्या पायरीला हळदीची पाच बोटं ओढली. कुंकवाची डबी उघडेपर्यंत ती बोटं लालभडक झाली होती.

सगळे पायरीकडे वाकले. मग मागून एक आजी म्हणाल्या, "अगंबाई! देवीनंच कुंकू लावून घेतलं!" टाळ्या पडल्या, मोबाइल वर झाले. शुभशकुन, शुभशकुन. साहेबही हात जोडून उभे.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"शकुन नाही हा, चुना आहे!" मी ओरडलेच. "पूजेच्या दोन वाट्या द्या मला."

एका वाटीत प्यायचं पाणी घेतलं, दुसरीत तलावाचं. दोन्हीत चिमूट चिमूट हळद. पहिली पिवळीधमक राहिली. दुसरी बघता बघता तांबूस झाली, गंजलेल्या नळाच्या पाण्यासारखी. दोन्ही वाट्या मी साहेबांच्या हातात दिल्या आणि शेजारी माझे हात धरले. नऊ दिवस या पाण्याने भिजलेला ब्रश मारून बोटांची कातडी तडकली होती. "हे तुमच्या सेव्हन पॉइंट फोरचं पाणी. पोरांच्या डोळ्यांत घालायचंय का?"

साहेब वाट्यांकडे बघत राहिले. बोलली ती त्यांची बायको. "पाय मुरगळला की आई हळद-चुना लावायची. तो लेपही असाच लाल व्हायचा." एवढं म्हणून तिने मुलीचा हात धरला आणि तिला काठापासून मागे घेतलं. मग बाकीच्या आयांनीही घेतलं. नारळ फुटला, प्रसाद झाला, आणि मी फाटकाला कुलूप घातलं.

त्यानंतर रोज सकाळी साहेबांची बायको वाटी घेऊन यायची. थेंब मी टाकायची, हळद ती. ॲसिड थोडं थोडं चालू, ब्रश चालू. लाल, तांबूस, नारिंगी. तेविसाव्या दिवशी हळद पिवळी राहिली, थेंबही जागेवर आले. तरी मी आणखी पाच दिवस कुणाला आत सोडलं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो.

उघडायच्या दिवशी सगळे फाटकाबाहेर उभे होते. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मावशी, पाणी झालं का?"

"पाणी झालं. तळ बघायचाय अजून."

"मग बघा ना."

"तळ हाताला कळत नाही, पायाला कळतो," मी म्हटलं. चपला पाटीखालीच काढल्या, लुगडं वर खोचलं आणि एक एक पायरी उतरत गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिले. तळ गुळगुळीत होता. लावणी केली त्याच जागी उभी होते, इतक्या वर्षांनी. साहेबांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी बाहेर यायची घाई केली नाही. पोरं थांबली होती. थांबू दे म्हटलं.