रजईवरची चौथी पट्टी

दिल्लीवर आजवर जेवढ्या बादशहांनी राज्य केले, त्यांच्यापैकी एकानेही तिच्यावर आमच्या मामांइतके प्रेम केले नसेल. आणि इतक्या त्रासदायक रीतीने तर नक्कीच नाही. बादशहांनी निदान किल्ले बांधून आपले प्रेम एका जागी बंदिस्त केले. मामांचे प्रेम दर रविवारी सकाळी साडेनऊला मेट्रोने फरीदाबादला आमच्या घरी येत असे, दोनदा चहा घेत असे, आणि राहण्यासाठी दिल्लीसारखे दुसरे शहर नाही हे आमच्याकडून वदवून घेतल्याखेरीज उठत नसे.

मामा म्हणजे माझ्या पत्नीचे सख्खे मामा. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात त्यांनी एकेचाळीस वर्षे काढली. मामी जाऊन बराच काळ लोटला आहे, आणि उत्तर दिल्लीत रिज नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते एकटे राहतात. मी स्वभावाने भिडस्त. भाजीवाल्याने किडके वांगे पिशवीत टाकताना मला दिसते, आणि तरीही ते मी मुकाट्याने घरी आणतो. अशा माणसाला उघडपणे करता येण्याजोगी एकच शूर गोष्ट असते, ती म्हणजे शहराला नावे ठेवणे; कारण शहर उलट उत्तर देत नाही. पुण्याहून बदली होऊन आल्या दिवसापासून मी ती मनःपूर्वक करू लागलो. दिल्लीच्या वतीने उत्तर देणारा एक माणूस माझ्याच सासरी निघावा, हा माझा योग.

पहिली चकमक स्टेशनवरच झाली. जानेवारीचे दिवस होते. धुक्यामुळे आमची गाडी सात तास उशिराने, भर दुपारी पोहोचली. फलाटावर मामा खांद्यावर एक भलीमोठी रजई टाकून उभे होते. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, की कुणीतरी अस्वलाला पाठुंगळी घेतले आहे.

"फार उशीर झाला हो," मी म्हणालो.

"बिल्कुल बरं झालं!" मामा म्हणाले. "वेळेवर आली असती तर पहाटे आली असती, झोपेत सगळं धुकं वाया गेलं असतं. बघितलंत ना नीट, जावईबापू? पुण्यात असं मिळत नाही. पुण्यात नुसतं गार पडतं. थंडी इथे असते."

ती रजई आम्हांला वापरायला दिलेली होती. तिच्या एका कडेला कापडाच्या तीन पट्ट्या शिवलेल्या होत्या, आणि प्रत्येक पट्टीवर न पुसल्या जाणाऱ्या शाईने एकेका कुटुंबाचे नाव, खाली 'आले' आणि 'गेले' असे दोन रकाने, व त्यांत महिना आणि साल. चौथी पट्टी नवी करकरीत होती. तिच्यावर आमचे आडनाव आधीच लिहिलेले होते. 'आले'पुढे तो महिनाही लिहिलेला होता. 'गेले' रिकामे होते. परक्यांनी पांघरलेल्या रजईत आपण झोपायचे, या विचाराने मी पहिली रात्र कोट घालून काढली. दुसऱ्या रात्री मात्र थंडीने माझा सगळा सोवळेपणा उतरवला.

मामांच्या घरी गेल्यावर त्या पट्ट्यांचा उलगडा झाला. महाराष्ट्रातून दिल्लीला बदलून येणारी मंडळी तीन-चार वर्षांत परत जातात, आणि जाताना दिल्लीतच उपयोगाच्या वस्तू मामांकडे टाकून जातात. पुण्या-मुंबईला रजई नेऊन करायचे काय? त्यामुळे मामांच्या बाल्कनीत पाच कूलर एकमेकांकडे पाठ करून उभे होते, माळ्यावर हीटर होते, आणि आतल्या खोलीत पत्र्याच्या दोन प्रचंड पेट्यांमध्ये रजया होत्या. नवे बिऱ्हाड आले, की मामा त्यातली एक रजई काढून पट्टी शिवून त्यांना पोहोचवत. ते बिऱ्हाड निघाले, की खिशात शाईचे पेन घेऊन स्टेशनवर जात, परत आलेल्या रजईचा 'गेले'चा रकाना तिथेच, फलाटावरच्या बाकड्यावर बसून भरत, आणि मग गाडीला हात करत. रिकामा रकाना हा मामांच्या दृष्टीने गुन्हा होता. एकदा आमच्या सोसायटीच्या फाटकावर येणाऱ्यांच्या वहीत मी 'कामाचे स्वरूप' हा रकाना मोकळा सोडला, तर त्यांनी माझ्या हातातले पेन काढून घेऊन तिथे 'स्वतःच्या घरी जाणे' असे लिहिले.

फरीदाबादविषयी त्यांचे मत चांगले नव्हते. "फरीदाबादेत राहून दिल्लीला नावं ठेवणं म्हणजे ओसरीवर बसून स्वयंपाकाला नावं ठेवणं," असे ते म्हणत, आणि स्वयंपाक दाखवण्यासाठी आम्हांला आत नेत. हिवाळ्यात मंडईत नेऊन लाल गाजरांपुढे उभे करत. "तुमच्याकडचं केशरी असतं ना? त्याला गाजर म्हणायचं ते केवळ सभ्यता म्हणून." एप्रिल लागला, की कूलरचे जुने गवत काढून नवे भरण्याचा समारंभ असे; त्याला आम्ही नवराबायकोने इस्त्रीचे कपडे घालून हजर राहायचे आणि पहिल्या ओल्या झुळकीसमोर डोळे मिटून उभे राहायचे. मेमध्ये लू सुटली, भट्टीचे दार उघडावे तसा वारा तोंडावर येऊ लागला, की मामांना उत्साहाचे भरते येई. "हा खरा उन्हाळा! आपल्याकडे काय, नुसता घाम." चाळीसहून जास्त वर्षे दिल्लीत राहूनही वाईट गोष्टींच्या बाबतीत त्यांचे 'आपल्याकडे' महाराष्ट्रातच होते, चांगल्या गोष्टींच्या बाबतीत ते तत्काळ दिल्लीला येई.

दिवाळीनंतर हवेचा रंग राखाडी झाला, माझा घसा धरला, समोरची इमारत दिसेनाशी झाली. मी तोंडावर मास्क चढवून, तीन आठवडे साठवलेला तिरस्कार एका दमात ओतला. मामांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "इथे हवा दिसते तरी. पुण्याची चांगली आहे की वाईट, कळायला काही मार्ग आहे का?" एकदा आम्ही रिक्षातून जात असता मागच्या मोटारीतला इसम खिडकीतून डोके काढून आमच्या रिक्षावाल्यावर ओरडला, "तेरे बाप की सड़क है क्या?" मी अंग चोरून घेतले. मामांचा चेहरा मात्र कौतुकाने फुलला. "बघितलंत? ओळख ना पाळख, पण पहिल्याच वाक्यात वडिलांची चौकशी! मोकळी माणसं आहेत. पुण्यात शेजारी तीस वर्षं नुसता हसतो, आणि मनात काय आहे ते त्याच्या मृत्युपत्रातून कळतं."

पण मामांचे खरे दैवत म्हणजे हिंदूराव. टेकडीवरच्या मोठ्या इस्पितळाला ज्याचे नाव आहे, तो एकोणिसाव्या शतकात ग्वाल्हेरहून येऊन इथे राहिलेला गृहस्थ. त्याच्याविषयी मामांना बाकी काहीही ठाऊक नव्हते आणि करून घ्यायचेही नव्हते. आम्हांला त्या चढावर उभे करून ते दरवेळी एकच व्याख्यान देत. "सगळे आले आणि गेले. हा एकटा आला आणि राहिला. बदलीचा अर्ज नाही, आईची तब्येत नाही, मुलांची शाळा नाही. आणि बक्षीस काय मिळालं? आख्खी टेकडी!" मी एकदा भीत भीत सुचवले, की त्या काळी बदलीचे अर्ज नसावेत. मामा माझ्याकडे असे पाहू लागले, की जणू त्यांच्या देवाच्या नैवेद्यात मी मीठ टाकले होते.

मला तेव्हा हे सारे हास्यास्पद वाटे, हे मी कबूल करतो. आपल्या निवडीचे समर्थन करणाऱ्या म्हाताऱ्याचा हट्ट, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात कार्यालयात इच्छित बदलीचे फॉर्म आले. मी पहिली पसंती पुणे लिहिली, दुसरीही पुणेच लिहिली, आणि मामांना सांगितले नाही. पुढच्या रविवारी सांगू, असे मी चार रविवार ठरवले. एवढ्यात माझ्या पत्नीने बाजारात कापूस पिंजून घेऊन एक नवी रजई भरून आणली. ती पुण्याला माझ्या आईसाठी न्यायची होती; तिचे गुडघे थंडीत दुखतात. रविवारी मामांनी ती पलंगावर पाहिली.

इथे मामांचा एक सिद्धांत सांगितला पाहिजे. त्यांच्या मते उसन्या रजईत झोपणारा माणूस परत जातो. ज्याने स्वतःची रजई भरून घेतली, तो राहिला. इतक्या वर्षांत असे कुणी केले नव्हते, त्यामुळे सिद्धांत खोटाही ठरला नव्हता.

"स्वतःची?" मामांनी विचारले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"हो, म्हणजे भरून आणली..." पत्नी म्हणाली, आणि पुढचे वाक्य मी बोलावे म्हणून माझ्याकडे पाहू लागली. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. ते वाक्य कुणीच बोलले नाही.

मामांनी कात्री मागितली. उसन्या रजईवरची आमच्या नावाची पट्टी टाका टाका उसवून काढली, घडी करून खिशात ठेवली, आणि जुनी रजई बगलेत मारून म्हणाले, "चलो, ही आता दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल." दुसऱ्या दिवशी, सोमवार असूनही, ते पुन्हा आले आणि तिळगुळाच्या पातळ वड्यांचा, म्हणजे तिकडच्या गजकचा, भलामोठा डबा ठेवून गेले.

"तुम्ही सांगणार आहात, की मी सांगू?" पत्नीने विचारले.

"सांगतो ना. मीच सांगतो," मी म्हणालो.

त्यानंतरचे दोन महिने मी एखाद्या गुन्हेगारासारखा गोड वागलो. धुक्याची स्तुती केली. गाजरे मी होऊन आणली. हिंदूरावाच्या चढावर स्वतःहून चला म्हणालो. हवा राखाडी झाली तरी खोकला गिळून म्हणालो, "यंदा त्यामानाने बरं आहे." मामा नुसते "अच्छा" म्हणत. त्यांचे वाद घालणे कमी झाले होते. मी समजत होतो, की जिंकलेल्या माणसाला वादाची गरज उरत नाही.

जानेवारीत बदलीची ऑर्डर आली. मी एकटाच मामांकडे गेलो. ते गच्चीवर कोवळ्या उन्हात मटार सोलत बसले होते. मला पाहून त्यांनी बाजूची सतरंजी सरळ केली आणि अर्धे मटार माझ्यापुढे ढकलले. मी दहा-बारा शेंगा सोलल्या. शब्द जुळवत होतो.

"ऑर्डर आली ना?" मामांनी विचारले.

"तुम्हांला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. दोन महिने झाले, दिल्लीला एक शिवी नाही तुमच्या तोंडून." त्यांनी एक शेंग सोलली. "इतकी वर्षं बघतोय, जावईबापू. राहणारा माणूस रोज कटकट करतो. जाणाऱ्याला शेवटी शेवटी सगळं आवडायला लागतं. तुमच्या रजईच्या पहिल्या पट्टीवरचे जोशी तर जायच्या आधी लूचं कौतुक करत होते."

"मी सांगणार होतो, मामा. रजई आईसाठी..."

"असू दे हो." मग मटारांकडेच पाहत ते म्हणाले, "मी काय एवढं दिल्ली दिल्ली करतो, मला काय कळत नाही का इथे काय आहे ते? पण तुमच्यापुढे मीही नावं ठेवायला लागलो असतो, तर तुम्ही पहिल्या वर्षीच फॉर्म भरला असतात."

दाणे आणि टरफले मी एकाच ताटात टाकीत होतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. मामांनी ती वेगळी केली.

निघण्याच्या दिवशी ते स्टेशनवर आले. मला वाटले, आता बाकड्यावर बसून रकाना भरतील. त्यांनी घडी केलेली ती पट्टी खिशातून काढली, दुसरा खिसा चाचपला आणि म्हणाले, "पेन राहिलं वाटतं घरी." मी माझे पेन पुढे केले. "शाईचं लागतं," ते म्हणाले, आणि गाडीला हात करायला उभे राहिले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला नेहमीचे पेन अडकवलेले होते.

आता पुण्यात आहोत. आईला रजई जड वाटली. तिने ती अंगाखाली घातली आणि गादीपेक्षा बरी आहे म्हणाली. इथली हवा उत्तम आहे, शेजारी हसतात, मला कशाविषयीच तक्रार सुचत नाही, आणि मामांचे गच्चीवरचे बोलणे आठवून कधी कधी त्याचीच भीती वाटते. दर रविवारी साडेनऊला मी मामांना फोन करतो आणि दिल्लीला मनसोक्त नावे ठेवतो: तिची हवा, तिची वाहने, तिची तोंडाळ माणसे, तिचा तो निर्दय उन्हाळा. मामा तिकडून तावातावाने भांडतात. आवाज खणखणीत असतो. फोन ठेवताना ते समाधानाने म्हणतात, "अजून सुधारणा नाही तुमच्यात."

गेल्या महिन्यात पत्नीच्या मोबाइलवर एका मुलीचा निरोप आला. ती नागपूरची, शिकायला म्हणून दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन राहते, आणि मामांनी तिला रजई पोहोचवली होती व आमचा नंबर दिला होता. सोबत रजईच्या कडेचा फोटो होता. पाच पट्ट्या. पाचवी तिची. चौथी आमची, नव्या दोऱ्याने पुन्हा शिवलेली. 'तुमच्या नावापुढे "गेले"चा रकाना रिकामाच आहे,' तिने लिहिले होते. 'आजोबांकडून राहून गेला का? मी भरू?'

पत्नीने फोन माझ्या हातात दिला. मला कोणतीही गोष्ट स्पष्ट सांगायला सहसा चार रविवार लागतात; या वेळी मी लगेच लिहिले, की मामांच्या हातून रकाना कधीच राहून जात नाही, तेव्हा कृपा करून तो तसाच असू द्यावा.