भिकनमामाच्या आधी

माझी आई प्रमिलाबाई कुठल्याच सरकारी खिडकीला घाबरायची नाही. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका रेशन असो की विजेचं बिल, तिला पुढं घालून जायच्या. गुजराती तिला धड येत नव्हतं, पण "साहेब, मारो नंबर पहेला छे" एवढं ती असं ठणकावायची की साहेब मुकाट्यानं कागद हातात घ्यायचा. घरी बसून ती साड्यांचे सुटे धागे कापायची. हातात कात्री असलेल्या बाईशी वाद घालायला वडीलही धजत नसत.

१९९७ च्या हिवाळ्यात माझी थोरली बहीण वर्षा, तिचा दीड वर्षाचा मुलगा गोपाल पायरीवर पडला. ओठ जरासा फाटला, पण रक्त दोन दिवस थांबेना. मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली आणि हिमोफिलिया हा शब्द आमच्या घरात आला. रक्त गोठायला लागणारं काहीतरी त्याच्या अंगात कमी होतं. डॉक्टर म्हणाले, हा दोष आईकडून पोराकडे येतो, आईला स्वतःला बहुतेक कळतही नाही. पुढल्या महिन्यात मुंबईहून या विषयातल्या डॉक्टरबाई येणार होत्या, त्यांची मंगळवारची वेळ मिळाली. येताना आमच्या आईच्या माहेरच्या तीन पिढ्या कागदावर मांडून आणायच्या होत्या. मुलगा म्हणजे चौकोन, मुलगी म्हणजे गोल, वारलेल्यावर तिरकी रेघ.

वर्षाच्या अंगातला दोष तिच्यातच नव्यानं उपजला, की आईच्या माहेरातून चालत आला, हे बाई त्या कागदावरून ताडणार होत्या. चालत आलेला असला तर तो माझ्यातही असण्याची शक्यता निम्मी. मी, निशा, तेव्हा वीस वर्षांची होते. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये कामाला असलेल्या धर्मेंद्रशी माझं जवळजवळ ठरलं होतं. त्याचे वडील रघुनाथकाका फक्त सुपारी फोडायला यायचे बाकी होते.

आई कामाला लागली. आजी वारलेली, म्हणून आम्ही बस पकडून बारडोलीला आजीच्या धाकट्या बहिणीकडे, काशीबाईकडे गेलो. आईनं विचारलं, घरात कुणाला असं रक्ताचं दुखणं होतं का? काशीबाईनं हात झटकले. "आमना घरमा असं काहीच नही व माय. समदा धडधाकट शेतस!"

झालं. आईनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर झकास गोल-चौकोन काढले. रेघा फक्त म्हातारपणी गेलेल्यांवर. मला इतकं हलकं वाटलं की परतीच्या बसमध्ये मी धर्मेंद्रबद्दल दोन वाक्यं जास्तच बोलले.

रविवारी सकाळी मी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवत होते. आईचा भाऊ भिकन. आजीचा भाऊ उखा. मी सुरतेत जन्मलेली, मला हसूच आलं. "काय गं आई, तुमच्याकडं पोरांना नावं मिळत नव्हती का? एक भिकेतला, एक उकिरड्यावरचा!"

"हसू नको," आई कात्री चालवत म्हणाली. "आधीची पोरं जगली नाहीत की पुढच्याचं असं नाव ठेवतात. म्हणजे त्याला कुणाची नजर..."

कात्री थांबली. ती माझ्याकडे बघत राहिली, मी कागदाकडे. काखेत कळसा अन् आम्ही बारडोलीला वळसा घालून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बारडोली. या वेळी आईनं दुखण्याचं नावच काढलं नाही. सरळ विचारलं, "मावशी, भिकनच्या आधी किती?"

काशीबाईनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "गयेल पोरेसनं नाव लेतस नही, बाई." तिनं आधी खोटं सांगितलं नव्हतं. त्या पोरांना घरात कुणी मोजतच नव्हतं. हळूहळू तिनं सांगितलं. भिकनच्या आधी दोन मुलगे. एकाचं जावळ काढताना वस्तरा लागला, दुसऱ्याची दात येताना हिरडी फुटली. उखाच्या आधीही एक, तसाच. हळद दाबली, भगत आणला, रगत थांबलं नाही. मुली मात्र सगळ्या जगल्या. निघताना तिनं माझ्याकडे बघत आईचा हात धरला. "निशानं नाव कागदवर टाकू नको. पहिले तिनं लगीन व्हवू दे." झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच तिचं म्हणणं होतं, आणि ते मायेपोटीच होतं.

घरी येऊन आईनं नवा कागद केला. तीन नवे चौकोन, तीन रेघा. मी पाहिलं तर वर्षाच्या शेजारी माझा गोलच नव्हता.

"आई, मी कुठंय?"

"मला भीती वाटली गं," ती म्हणाली. "माझ्यामुळं वर्षाचं झालं, आता तुझं होईल." माझ्या आईला मी तोवर असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला तिचा राग आला आणि रडूही आलं. मी तिच्या हातातून पेन घेतलं, माझा गोल काढला, खाली नाव लिहिलं.

ती बघत बसली. मग उठली, लुगडं नीट केलं, कागद घेतला आणि तडक रघुनाथकाकांकडे गेली. सगळं सांगून म्हणाली, नाही म्हणायचं तर आत्ता माझ्या तोंडावर म्हणा. काका म्हणाले, तपासणी होऊ द्या, मग बोलू. चहा मात्र त्यांनी तिला दोनदा पाजला. आईनं ते चांगलं लक्षण धरलं, मी काहीच धरलं नाही.

मंगळवारी डॉक्टरबाईंनी कागद बराच वेळ पाहिला. इतका चांगला कागद फार कमी जण आणतात, म्हणाल्या. मग त्यांचं बोट माझ्या गोलावर आलं. "ही कोण?"

"मी. माझंही रक्त घ्या."

"लग्न झालंय?"

"ठरतंय. मोडलं तरी घ्या."

"भीती नाही वाटत?"

"वाटते," मी म्हटलं. "पण माझ्या पोराचं नाव भिकन ठेवायची पाळी मला नकोय."

आईनं डोळ्यांना पदर लावला. मी बाही वर केली.