पट भरला तो जून

भूकंपाला काही वर्षं झाली होती आणि लातूरला शिकवण्यांचं पीक तरारून आलं होतं. त्याची झळ मुदखेडजवळच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेलाही लागली. ज्याच्या हाती चार पैसे आले, त्याने पोरगा उचलून इंग्रजी शाळेच्या गाडीत कोंबला. पुढं लातूरला घालायचं तर पाया इंग्रजीच पाहिजे, हे गावातल्या पानपट्टीवाल्यालासुद्धा ठाऊक झालं होतं.

आमच्याकडे उरल्या मुली. हजेरी घेताना मुलांची नावं एका दमात संपायची आणि मुलींची वाचताना मला धाप लागायची. नव्या माणसाला वाटावं, या गावात मुलगे जन्मतच नाहीत.

जूनमध्ये मी आणि हेडमास्तर पोरं गोळा करायला दारोदार फिरायचो. जन्मतारीख कुणाला आठवायची नाही, मग हेडमास्तर बिनदिक्कत एक जून लिहायचे. अख्खं गाव एकाच दिवशी बाळंत झालेलं. त्या वर्षी पटाला एक पोर कमी पडत होतं. ते मिळालं नाही तर मी जादा ठरणार आणि बदली थेट देगलूरकडे. नांदेडहून रोज ये-जा करणारी मी, घरी लहान मुलगी. माझं धाबं दणाणलं.

शेवटी एकच घर राहिलं. त्या शेतकऱ्याला जुळं होतं, एक मुलगा, एक मुलगी. गावातला पहिला शहाणा बाप, तो नेमका माझ्याच वाट्याला आला.

"दोघांला बी गाडीत धाडून राहिलो, बाई," तो म्हणाला.

मी त्याच्या घरचा चहा प्याले, घसा साफ केला आणि म्हणाले, "पोराचं ठीक आहे हो, दादा. पण पोरीच्या जातीला रोज एवढ्या लांब कशाला धाडता? इथं मी आहे की."

हेडमास्तरांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. बाप घुटमळला, मग म्हणाला, "हे बी खरं हाय." पोरीचं नाव पटावर चढलं, जन्म एक जून.

माझी मुलगी तेव्हा नांदेडच्या इंग्रजी शाळेत होती आणि रोज गाडीनंच जायची. ते मी तिथं बोलले नाही. लाज वाटली, पण नोकरी जागेवर राहिल्याचा आनंद त्याहून मोठा होता, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी ती पोरगी नवं दप्तर पाठीला लावून आली आणि फाटकापाशीच उभी राहिली. मी हात धरून आत नेऊ लागले, तर तिनं हात सोडवून घेतला.

"थांबा की बाई," ती म्हणाली. "भाऊची गाडी गेली. माही अजून यायचीय."