कावळा छापच्या अक्का

मागच्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी, सोलापुरातल्या नवी पेठेतल्या एका भरल्या दुकानात आमच्या शेजारच्या अक्कांना खोटं ठरवण्यात आलं. दुकानदाराचं नाव लिहीत नाही. वाचेल तेव्हा त्याला कळेल.

अक्कांचे घरातच टॉवेलचे माग. सगळं सोलापूर मोर विणतं, कमळ विणतं. अक्का टॉवेलच्या कोपऱ्यात कावळा विणायच्या. "मोर सगळ्यांचाच की. कावळा कोण चोरतंय?" व्यापारी चिडवायचे, "अक्का, टॉवेल हाय का पिंड?" त्या म्हणायच्या, "पिंडाचं नंतर बघा शेठ, आदी अंग पुसून बघा!"

टॉवेल पाणी असा प्यायचा की कावळा खपायला लागला. अक्कांनी छापाची सरकारदरबारी रीतसर नोंदणी केली. अर्ज मी ऑनलाइन भरला. त्यांच्या सासऱ्यांना असलंच प्रमाणपत्र कागदावर, शिक्क्यासकट मिळालं होतं. ते फ्रेम करून मागाच्या वर भिंतीला टांगलेलं. अक्कांचं मोबाइलवर आलं. त्यांनी मोबाइललाच हळदकुंकू वाहिलं.

आणि मग त्या दुकानात पातळ, रंग सोडणाऱ्या टॉवेलांवर त्यांचाच कावळा दिसला. अक्कांनी मोबाइल पुढे केला.

"फोटो काय, माझा नातूबी काढतो," दुकानदार म्हणाला. "शिक्क्याचा ओरिजिनल कागद आणा."

"कागद निघतच न्हाई आता, शेठ. हेच ओरिजिनल."

"मग मोबाइलच विका की, टॉवेल कशाला विणताय?"

गिऱ्हाइकं हसली. मी तिथेच होते. कागद बंद झाला ते बरंच झालं: फाटत नाही, हरवत नाही, नंबर टाकला की नोंद कुणालाही दिसते. पण हे बाजाराला सांगायला कोण आलं? कुणीही नाही!

घरी अक्कांचा मुलगा म्हणाला, "अम्मा, प्रिंट काढू, लॅमिनेशन करू, एक गोल शिक्का बनवून मारू. कोण बघतंय?" अक्का त्याच्यावर कडाडल्या, "खऱ्याला खोटा शिक्का मारू व्हय? मग त्याच्यात आन् माज्यात फरक काय ऱ्हायला?"

त्यानंतर दर सोमवारी अक्का त्या दुकानाच्या पायरीशी उभ्या राहायच्या. भांडण नाही, घोषणा नाही. येईल त्या गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "ताई, नंबर सांगते, सरकारच्या साइटवर टाका. नाव कुणाचं येतंय वाचा." लोक वाचायला लागले. नकली माल काउंटरवरून खाली गेला. दुकानदाराने एकदा चहा पाठवला, तो त्यांनी परत पाठवला. "चहा नको म्हणावं. माल काढा."

चैत्रात अक्का गेल्या. तेराव्याच्या आत नकली टॉवेल पुन्हा काउंटरवर आले.

आता सोमवारी मी उभी राहते. पण एकटीने काय होणार? तुम्ही टॉवेल घेता, चादर घेता. शिक्का मागू नका, छापाच्या नोंदणीचा नंबर मागा. तिथेच, दुकानदारासमोर, साइटवर टाका. तिथलं नाव मालावरच्या नावाशी जुळलं नाही, तर माल काउंटरवर ठेवा, सगळ्यांना ऐकू जाईल असं कारण सांगा आणि बाहेर पडा.