न पोचलेल्या चेंडूंची वही

झेल सुटला की बाई टाळ्या वाजवायच्या. तोही आपल्याच टीमचा. सगळे खेळाडू कपाळाला हात लावून उभे असायचे, आणि लॉन चेअरवर मांडीवर वही घेऊन बसलेल्या, सत्तरी उलटलेल्या, साडीवर विंडचीटर घातलेल्या या बाई ओरडायच्या, "शाबास! पोचलास तरी!"

रिचमंड हिलच्या आमच्या रविवारच्या बेसबॉल टीमच्या त्या स्कोअरर होत्या. त्यांच्या काँडोची इमारत मैदानाला लागूनच होती. आरडाओरड्याची तक्रार करायला म्हणून त्या एकदा खाली उतरल्या, कोणीतरी स्कोअर चुकीचा मांडतोय हे त्यांना दिसलं, आणि त्यांनी त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. त्यानंतर ती कोणी परत मागितली नाही. आमचा कॅप्टन ग्लेन याला 'बाई' हे त्यांचं नाव वाटायचं. मॅच संपली की तो "बाय, बाई!" म्हणायचा आणि स्वतःच्याच विनोदावर पार्किंग लॉटपर्यंत हसत जायचा.

बाईंनी इथल्या एका कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं होतं. साहजिकच आकड्यांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. "आकडे मुळीच खोटं बोलत नाहीत," त्या म्हणायच्या, "आपण विचारू तेवढ्याचंच उत्तर देतात. कोर्टातल्या साक्षीदारासारखे. प्रश्न गाढवाने विचारला तर साक्षीदार काय करणार?"

मी नागपूरहून सॉफ्टवेअरची नोकरी घेऊन आलो त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात, म्हणजे २०१६ला, या टीममध्ये शिरलो. क्रिकेट खेळलेला म्हणून मला लेफ्ट फील्डला, दूर गवतात उभं केलं. हंगामाच्या मध्यावर लीगच्या वेबसाइटवर फील्डिंगचे आकडे लागले, तर माझ्या नावापुढे एकही एरर नाही! शंभर टक्के! मी स्क्रीनशॉट काढून नागपूरला पाठवला आणि रविवारी बाईंनाही दाखवला.

त्यांनी चष्मा वर केला. "अरे, तुझ्या नावावर चूक लागणार कशी? तू चेंडूजवळ जातच नाहीस. चेंडू पडतो, दोन टप्पे घेतो, थांबतो, मग तू उचलून आत पाठवतोस. हे काम टपालखात्याचं आहे."

मग त्यांनी मला समजावलं. फील्डरने सहज अडवायला हवा होता असा चेंडू त्याच्याकडून सुटला, तरच स्कोअरर एरर देतो. जो पळत जाऊन चेंडूला हात लावतो आणि सोडतो, त्याच्या नावावर चूक. जो जागेवर उभा राहून चेंडू जाताना बघतो, त्याच्या नावावर काहीच नाही. तो फलंदाजाचा पराक्रम. "म्हणजे आळशी माणूस निर्दोष," बाई म्हणाल्या. "या खात्यात नापास व्हायला आधी परीक्षेला बसावं लागतं."

म्हणून त्यांनी स्वतःची दुसरी वही ठेवली होती. तिच्यात प्रत्येक मॅचला मैदानाचं एक चित्र आणि प्रत्येक चेंडूचा एक ठिपका. जवळ कोण होतं, किती पळालं, पोचलं की नाही. "हीही वही खोटीच आहे हं," त्या सांगायच्या. "नजर माझी, आणि तीही मोतीबिंदू काढलेली. पण जरा कमी खोटी आहे."

त्या वहीत सगळ्यात वरचं नाव होतं जस्सीचं. ब्रॅम्पटनचा हा ट्रक ड्रायव्हर आमचा शॉर्टस्टॉप होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा म्हणजे सगळ्यात जास्त चेंडू येतात ती. जस्सी डावीकडे झेपावायचा, उजवीकडे लोळायचा, आणि त्यातले काही चेंडू अर्थात सुटायचे. लीगच्या यादीत एररमध्ये तो पहिला. मॉन्ट्रियलच्या स्पर्धेसाठी टीम ठरवायची वेळ आली तेव्हा ग्लेनने जाहीर केलं, "जस्सी बाहेर. शॉर्टस्टॉपला आपला मिस्टर हंड्रेड पर्सेंट." म्हणजे मी.

 जस्सी हातमोज्याची दोरी सोडत आणि पुन्हा बांधत बसला. दर रविवारी पहाटे ट्रक लावून, न झोपता मैदानावर येणारा माणूस. मला वाटलं बाई आता ग्लेनला फाडून खाणार. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "उत्तम कल्पना. पुढच्या रविवारी मार्कहमच्या टीमशी करून बघा."

तो रविवार माझी बायको अजून पाहुण्यांना साभिनय सांगते. चेंडू माझ्या डावीकडून गेले, उजवीकडून गेले, एक तर माझ्या लांब पडलेल्या सावलीवरून गेला. मी प्रत्येकाकडे आदराने वळून पाहिलं. आम्ही इतके वाईट हरलो की समोरच्या टीमने शेवटी सहानुभूतीने मारणं कमी केलं. मॅच संपल्यावर बाईंनी अधिकृत स्कोअरबुक ग्लेनसमोर धरलं. "शॉर्टस्टॉप, एरर शून्य. अभिनंदन, ग्लेन. परफेक्ट फील्डिंग!" मग दुसरी वही उघडली. माझ्या आजूबाजूला ठिपकेच ठिपके, जणू गोवर आलाय. ग्लेन ते ठिपके बोटाने मोजायला लागला. मग म्हणाला, "ओके. जस्सी खेळेल."

मॉन्ट्रियलला बाई माझ्या गाडीत होत्या. किंग्स्टनच्या पुढे कधीतरी, खिडकीबाहेर बघत त्यांनी सहज सांगितलं, "मला हेड ऑफ द डिपार्टमेंट केलं नाही, ठाऊक आहे? विद्यार्थ्यांच्या तक्रारी जास्त होत्या माझ्याबद्दल. नापास व्हायला आलेल्या पोरांचे कोर्स मी मागून घ्यायची. ज्याला केलं, त्याने कधी अवघड वर्ग घेतलाच नाही. एकही तक्रार नाही त्याची. सज्जन होता हो."

 मी म्हटलं, "बाई, मग तुम्ही भांडला नाहीत?"

"तेव्हा वही नव्हती," त्या म्हणाल्या. "पुढे वॉशरूम आहे का बघ."

मॉन्ट्रियलमध्ये जस्सीने असे चेंडू अडवले की प्रेक्षकांतल्या एका आजोबांनी उभं राहून फ्रेंचमध्ये काहीतरी आरोळी ठोकली, शिवी नसावी. आम्ही फायनलला पोचलो. आणि शेवटच्या डावात, एका धावेने पुढे असताना, एक मरतुकडा, सरपटत आलेला चेंडू जस्सीच्या पायांमधून निघून गेला. त्यांची दोन माणसं पळत 'होम'ला पोचली, म्हणजे दोन धावा. आम्ही हरलो.

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. त्यांनी क्षणभरही न थांबता एरर लिहिला. जस्सी बाकावर हातमोज्यात तोंड खुपसून बसला होता. बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि आपल्या अस्सल मराठी हिंदीत म्हणाल्या, "जस्सी, वो बॉल तो मेरी मावशी भी पकडती थी. और वो मर गयी है."

जस्सीचे खांदे हलायला लागले. रडतोय असं वाटलं; मग कळलं, हसतोय. दोन्ही चाललं होतं बहुतेक. "आंटीजी, तुसी तो हद कर दी!"

ग्लेन मागून म्हणाला, "सो, बाई? लीगचे आकडे बरोबर होते तर."

"एका चेंडूवरून मी काही ठरवत नाही," बाई म्हणाल्या, "आणि तूही ठरवू नकोस. आता त्याला मिठी मार."

ग्लेनने मारली.

पुढच्या वर्षी मी चेंडूमागे पळायला लागलो. जून महिन्यात एका उंच चेंडूखाली धापा टाकत पोचलो, हात लावला आणि सोडला. माझा पहिला एरर. पुढच्या रविवारी बाईंनी बेसनाच्या लाडवांचा डबा आणला. टीमला वाटलं माझा वाढदिवस आहे. सगळ्यांनी गाणंही म्हटलं.

मग एका हिवाळ्यात बाई काँडोच्या दारातच बर्फावर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलगी त्यांना कॅलगरीला घेऊन गेली. फोनवर त्या फिजिओथेरपिस्टच्या आकडेवारीतल्या चुका सांगायच्या. पुढच्या वसंतात त्या गेल्या. मुलीने प्रार्थनासभा मात्र रिचमंड हिललाच ठेवली.

जस्सी विनिपेगहून रिकामा ट्रक घेऊन थेट आला आणि दारातच उभा राहिला. ग्लेन सूट घालून आला होता. सुटात तो मला ओळखूच आला नाही. भजन संपल्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्याने हळूच विचारलं, "त्यांच्या त्या वहीत... मी कसा होतो?"

मला उत्तर माहीत होतं. बाईंच्या मते ग्लेन हा अख्ख्या लीगमधला सगळ्यात वाईट फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिल्या बेसचा राखणदार, होता. समोर हार घातलेला फोटो, उदबत्तीचा वास, आणि सुटातला, नाक लाल झालेला माणूस. काहीतरी बरं सांगावं असं फार वाटलं.

"शेवटून पहिला," मी म्हटलं. "त्या म्हणायच्या, बेसवर कोटाचं स्टँड उभं केलं असतं तर निदान कोट तरी टांगता आले असते."

ग्लेन इतक्या मोठ्याने हसला की सगळ्या सभेने वळून पाहिलं. मग त्याने टायने डोळे पुसले, खुर्ची माझ्याकडे आणखी ओढली आणि म्हणाला, "अजून सांग."